तिबोटी दिसेल ना?

पनवेलहून गोव्याकडे निघालेल्या गाडीला शिरढोण मागे पडलं की कर्नाळ्याचा सुळका खुणावू लागतो. कुणाला किल्ला आठवतो, कुणाला खिंडीत कधीतरी अडकलेली वाहनांची रांग. ज्या डोंगराच्या माथ्यावर हा सुळका उभा आहे, त्याच्या अंगाखांद्यावरचं जंगल पक्ष्यांसाठी राखलेलं आहे, हे फाटकावरची पाटी वाचली तरच कळतं. आणि भरधाव गाडीतून पाट्या वाचायची आपल्याला सवय नाही.

हे अभयारण्य १९६८ सालचं. महाराष्ट्रातलं पहिलं पक्षी अभयारण्य म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. तेव्हा त्याचं क्षेत्र होतं ४.४८ चौरस किलोमीटर. २००३ मध्ये ते वाढवून १२.११ केलं. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शंभराहून अधिक चौरस किलोमीटरचं आहे, आणि ताडोब्याच्या व्याघ्र प्रकल्पाचा नुसता गाभाच सव्वासहाशेचा. त्यांच्यापुढे कर्नाळा चिमूटभर. तरी या चिमटीत दोनशेहून जास्त जातींच्या पक्ष्यांच्या नोंदी आहेत. त्यातले बरेचसे बारमाही राहणारे, चाळीसेक हिवाळी पाहुणे, आणि काही थोडे असे, की जे नेमके पावसाळ्यात, पिलं वाढवायला म्हणून येतात. खाली ओढ्याकाठी उंबर, आंबा, कळक. मधल्या उतारावर साग, ऐन, खैर. वर उघडा कातळ. किल्ल्याची उंची साडेचारशे मीटरच्या आतबाहेर, म्हणजे सह्याद्रीच्या मानाने काहीच नाही, पण तेवढ्या चढात जंगल इतक्या वेळा बदलतं की ज्याला जे हवं ते कुठेतरी मिळतं.

इथे माणसं दोन कामांसाठी येतात. निम्म्याहून अधिक किल्ल्यासाठी. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये घेतलेला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावा लागलेला, १६७० मध्ये परत मिळवलेला आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेलेला हा किल्ला. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके जवळच्या शिरढोणचे, आणि त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. रविवारी सकाळी शाळेच्या सहली, कंपन्यांचे गट आणि कॉलेजची पोरं या वाटेला लागतात. सुळक्याच्या कड्यावर आग्या मोहळं लटकलेली असतात. तिथे आरडाओरडा, धूर किंवा अत्तराचा घमघमाट चालत नाही, हे सांगून सांगून कर्मचारी थकतात. दुसरी, संख्येने कमी असलेली जमात गळ्यात दुर्बीण किंवा हातभर लांबीची लेन्स अडकवून येते, आणि फाटकापाशी पहिला प्रश्न विचारते. जून ते सप्टेंबर असेल तर प्रश्न ठरलेला: ‘‘तिबोटी दिसेल ना?’’

हा लेख त्या प्रश्नाबद्दल, आणि तो ज्याला विचारला जातो त्याच्याबद्दल आहे.

तिबोटी खंड्या आपल्या चिमणीहूनही लहान. चोचीपासून शेपटीपर्यंत तेरा सेंटिमीटर, वजन जेमतेम पंधरा-वीस ग्रॅम. पिवळं पोट, जांभळट झाक असलेलं नारिंगी डोकं, निळेकाळे पंख, लालभडक चोच आणि पाय. पायाला बोटं तीन. रायगड जिल्ह्याचा जिल्हा पक्षी म्हणून त्याची निवड झाली आहे आणि ती योग्यच आहे. ऐन पावसाच्या तोंडावर तो दक्षिणेकडून कोकणात येतो. ओढ्याकाठच्या किंवा पायवाटेलगतच्या मातीच्या दरडीत नर आणि मादी दोघं मिळून आडवं बीळ खोदतात आणि त्यात अंडी घालतात. अंड्यापासून पिलू उडेपर्यंत सुमारे पाच आठवडे लागतात. या काळात आई-बाप दिवसभर खेकडे, बेडूक, सापसुरळ्या, कोळी, नाकतोडे आणत राहतात. आणलेला घास चोचीत धरून ते थेट बिळात शिरत नाहीत. आधी जवळच्या एखाद्या फांदीवर बसतात, मान वरखाली करतात, आजूबाजूला धोका नाही याची खात्री करतात आणि मग आत झेपावतात.

फोटोवाल्यांना हवा असतो तो नेमका हाच क्षण. चोचीत खेकडा, मागे ओलं हिरवं रान. पनवेलच्या आसपास आणि पुढे सगळ्या कोकणात पावसाळ्यात तिबोटीच्या घरट्यांपुढे कॅमेऱ्यांची रीघ लागते ती त्यासाठी. समोर दहा माणसं तिकाटणी रोवून बसलेली असली की पक्षी फांदीवरच थांबतो. घास चोचीत, पिलं बिळात. पाच मिनिटं, दहा मिनिटं. कधी तो घास स्वतःच गिळतो आणि निघून जातो. त्या दिवसापुरती एक पाळी चुकली. दिवसभर माणसं बदलत राहिली तर अशा किती पाळ्या चुकतात, याचा हिशेब फोटोखाली कुणी लिहीत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि त्यातल्या शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणंही मोडतं. बंदूक लागत नाही. पण पक्ष्यांवर प्रेम आहे म्हणून पहाटे चारला उठून आलेल्या माणसाला तू शिकारी आहेस हे सांगायचं कुणी?

सांगायचं वाटाड्याने, अशी आपली अपेक्षा असते. आणि त्याचे पैसे कोण देतं? तोच माणूस.

कर्नाळ्यात दोन वाटा नावाजलेल्या आहेत. हरियालची वाट आखूड आणि सोपी. राज्यपक्ष्याचं नाव दिलेली म्हणून तिच्यावर हरियाल दिसतीलच असं मात्र नाही. ते उंबर कुठे पिकलाय त्यावर. मोरटाक्याची वाट लांबलचक, सावलीची, ओढ्यांना छेदत जाणारी. किल्ल्याची गर्दी तिकडे फारशी वळत नाही. या वाटेवर चांगल्या वाटाड्याबरोबर एक सकाळ घालवली की लक्षात येतं, हे काम डोळ्यांचं कमी आणि कानांचं जास्त आहे. व्याघ्र प्रकल्पातली सफारी आणि इथलं हिंडणं यांत हाच फरक. तिथे जिप्सीत बसून लांबवर पाहायचं असतं. इथे वीस पावलांपलीकडे पानांखेरीज काही दिसत नाही.

माझ्यापुढे चालणारा मुलगा जवळच्याच एका आदिवासी वाडीतला होता. त्याच्याकडे दुर्बीण होती, पण ती तो आम्हाला दाखवण्यापुरतीच वापरायचा. मध्येच थांबायचा, हाताने खूण करायचा आणि मान तिरकी करून उभा राहायचा. आम्हाला ऐकू यायचं पाणी. त्याला त्या पाण्यातून वेगळी निघणारी शीळ ऐकू यायची. शीळकरी कस्तुराची शीळ ही तशी कुणालाही ओळखू यावी अशी. घराकडे रमतगमत निघालेल्या आणि गाणं धड न येणाऱ्या पोराने घालावी तशी ती मधेच वर जाते, मधेच सुटते. तिबोटीचा आवाज मात्र बारीक, टोकदार, क्षणात संपणारा. तो उडत जाताना देतो, आणि आपण वळेपर्यंत तो ओढ्याच्या वळणापलीकडे गेलेला असतो. वाटाड्याने ‘‘गेला’’ म्हटलं की गेला. त्याने पाहिलेला नसतो, ऐकलेला असतो, आणि ते पाहण्याइतकंच खरं असतं. पण हे पैसे भरून आलेल्या माणसाच्या गळी उतरवणं सोपं नाही.

मलबारी कर्णा हा इथला आणखी एक मानाचा पक्षी. नराचं पोट कुंकवासारखं लाल, छातीवर पांढरा पट्टा, लांब शेपटी. इतका भडक पक्षी लपेल कसा, असं चित्र पाहून वाटतं. तो लपत नाहीच. मधल्या उंचीच्या फांदीवर ताठ बसतो, लाल पोट पलीकडे आणि तपकिरी पाठ आपल्याकडे करून, आणि हलत नाही. जंगलात हलतं ते दिसतं. न हलणारं बघायला शिकावं लागतं, आणि ते पुस्तकातून येत नाही.

एक गोष्ट मात्र पुस्तक आणि वाटाड्या दोघेही सारखीच सांगतात: भृंगराज कोतवाल जिथे बोलेल तिथे थांबा. शेपटीच्या दोन लांब तारांना टोकाला पिसांची चकती असलेला हा काळा पक्षी नकला करण्यात पटाईत आहे. शिक्र्यापासून हळद्यापर्यंत दहा आवाज काढतो. हिवाळ्यात तो मिश्र थव्याबरोबर हिंडतो. सातभाई पाचोळा उलटतात, निखार वरच्या फांद्या चाळतात, सुभग आणि पर्णपक्षी मधली पानं धुंडाळतात, सुतार खोड ठोकतो, आणि या सगळ्यांच्या धावपळीत उडणारे किडे भृंगराज वरच्यावर टिपतो. बदल्यात ससाणा किंवा शिक्रा दिसला की पहिली हाकाटी त्याची. असा थवा येईपर्यंत जंगल तासभर मुकं असतं. आला की पाच मिनिटांत पंधरा जाती डोक्यावरून निघून जातात आणि पुन्हा सामसूम. नवखा माणूस त्या सामसुमीच्या तासाला कंटाळून परत फिरतो आणि कर्नाळ्यात पक्षी उरले नाहीत असं लिहून मोकळा होतो. पक्षी असतात. पाच मिनिटं चुकलेली असतात.

आता या ऐकण्याच्या धंद्यावर सर्वांत मोठं संकट कुठलं, तर महामार्ग. मुंबई-गोवा रस्ता अभयारण्याच्या अंगावरूनच जातो. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि ते ज्या गतीने झालं त्याबद्दल कोकणी माणसाला वेगळं काही सांगायला नको. रस्ता रुंद झाला, रहदारी वाढली. फाटकापासून बरंच आत गेल्यावरही ट्रकच्या हॉर्नचा सूर कानात राहतो. हॉलंडमधल्या लायडन शहरात हान्स स्लाबेकोर्न आणि मार्ग्रीट पेट यांनी २००३ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की, गोंगाटाच्या भागातले वल्गुली पक्षी त्यांच्या गाण्यातले खालचे सूर सोडून वरच्या पट्टीत गातात, वाहनांची घरघर खालच्या पट्टीत असते, तिच्यात आपला आवाज बुडू नये म्हणून. ज्याला पट्टी बदलता येत नाही त्याने काय करायचं? रस्त्यापासून लांब जायचं. बारा चौरस किलोमीटरच्या रानात लांब म्हणजे किती लांब? वाटाड्यांचं म्हणणं साधं आहे. रस्त्याकडच्या बाजूला पूर्वीइतकं ऐकू येत नाही. पक्षी कमी झाले की आवाज बुडाला, हे तिथे उभं राहून ठरवता येत नाही.

पनवेलही आता पूर्वीचं राहिलेलं नाही. २०१६ मध्ये महानगरपालिका झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, त्यासाठी उलव्याची टेकडी कापली गेली. पनवेल, उलवे, खारघर या पट्ट्यात काचेचे मनोरे उभे राहिलेत. जूनच्या सुरुवातीला, पहिल्या पावसाच्या रात्री, मुंबई आणि नवी मुंबईत गॅलरीत, जिन्यात, पार्किंगमध्ये जखमी नवरंग आणि तिबोटी सापडतात. रात्री प्रवास करणारे हे पक्षी दिव्यांनी भांबावतात आणि काचेवर आदळतात. म्हणजे ज्या पक्ष्यासाठी आपण पहाटे उठून कर्नाळ्याला जातो, तो कदाचित आपल्याच सोसायटीच्या काचेला थडकून पडलेला असतो. जूनमध्ये पंधरा दिवस गच्चीवरचे मोठे दिवे बंद ठेवण्याचा ठराव एखाद्या सोसायटीने केला, तर त्याचं मोल कित्येक निसर्ग सहलींहून जास्त आहे. पण सहल विकता येते, अंधार विकता येत नाही.

पक्षीनिरीक्षकांच्या बोलीत दोन शब्द रुळलेत, ‘टार्गेट’ आणि ‘लायफर’. आयुष्यात पहिल्यांदा दिसलेला पक्षी म्हणजे लायफर. आणि आज जो बघायचाच आहे तो टार्गेट. यात वाईट काही नाही. याद्या करायचा आनंद मलाही ठाऊक आहे. बिघडतं ते याद्यांचा भार वाटाड्याच्या डोक्यावर पडतो तेव्हा. मुंबई-पुण्याहून गाडी हाणून आलेला माणूस रिकाम्या हाताने परत जायला तयार नसतो. मग मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवायचा. हद्दीत दुसरा नर आला असं वाटून पक्षी खाणं सोडून समोर येतो, इकडेतिकडे पाहतो, फोटो होतो. विणीच्या दिवसांत दिवसातून दहा गटांनी हेच केलं तर त्या पक्ष्याचा दिवस न दिसणाऱ्या शत्रूशी भांडण्यातच जातो. किंवा मग घरट्याकडे न्यायचं. वाटाड्याला घरटं माहीत असतं. ते माहीत असणं हीच त्याची विद्या. ते दाखवलं तर शंभराची नोट वर मिळते. न दाखवलं तर पुढच्या वेळी गिऱ्हाईक दुसऱ्याचा नंबर फिरवतं.

हा पेच फक्त कर्नाळ्याचा नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावच्या बाजूला सफारीच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्हीकडून अडवली. चित्रफीत सगळीकडे फिरली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चालक आणि मार्गदर्शक निलंबित झाले, दंड झाला. शिक्षा योग्यच होती. पण त्या गाड्यांमधून ‘‘जरा पुढे घ्या ना’’ कोण म्हणालं असेल? मार्गदर्शक सापडला, कारण त्याची नोंद होती. पर्यटक तोवर घरी गेला होता. वाघ दिसला की बक्षिसी आणि न दिसला की पडलेला चेहरा, या हिशेबावर ज्याचं घर चालतं त्याने वाघाला वाट मोकळी करून द्यावी असं म्हणणं सोपं आहे. पण आधी तो हिशेब कुणी घालून दिला ते बघायला हवं.

कर्नाळ्याच्या बाबतीत या हिशेबाला आणखी एक पदर आहे, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

पनवेल, पेण, कर्जत, खालापूर या तालुक्यांतल्या रानाची खरी ओळख आहे ती ठाकर आणि कातकरी समाजांना. कातकऱ्यांचं नाव खैरापासून कात पाडण्याच्या धंद्याशी जोडलं जातं. जंगल राखीव झालं, तो धंदा गेला. केंद्र सरकारने असुरक्षित म्हणून नोंदलेल्या महाराष्ट्रातल्या आदिम जमातींत कातकरी येतात. त्यांच्या पोरांच्या हातात पूर्वी गलोल असायची आणि तिच्यासाठी लागणारा कान आणि नजर आजही आहे. कुठल्या झाडावर कधी कोण उतरतं, ओढ्याची कुठली दरड कधी उकरली जाते, हे त्यांना शिकवावं लागत नाही. उत्तम वाटाडे व्हावेत ते यांच्यातूनच. काही झालेही आहेत.

पण पक्षी बघायचा मुख्य हंगाम नोव्हेंबर ते मार्च. हिवाळी पाहुणे तेव्हाच येतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये पांगारा आणि काटेसावर फुलले की शिंजीर, बुलबुल, हळद्या, कोतवाल यांची नुसती झुंबड उडते. आणि नेमक्या याच महिन्यांत कातकऱ्यांच्या वाड्या ओस पडलेल्या असतात. कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर गेलेली असतात. परततात ती पावसाच्या तोंडावर. पावसाळा हा घरात दाणा नसण्याचा काळ; तेव्हा भट्टीचा मालक आगाऊ उचल देतो, आणि दिवाळीनंतर ती फेडायला नवरा-बायको-पोरं सगळी भट्टीवर जातात. उचल फिटत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा जावं लागतं. हे चक्र सामाजिक कार्यकर्ते, पत्रकार आणि न्यायालयं कित्येक दशकं मांडत आली आहेत.

आता दोन्ही बाजू शेजारी ठेवून पाहा. भट्टीचा मालक पैसे आधी देतो, गरजेच्या वेळी देतो आणि सहा महिन्यांच्या कामाची हमी देतो. त्या बदल्यात माणूस बांधून घेतो. निसर्गप्रेमी पर्यटक पैसे शेवटी देतो, रविवारी देतो, पक्षी दिसला तर खुशीने देतो. ज्याच्या घरात ऑगस्टमध्ये तांदूळ नाही तो यातल्या कुणाकडे जाईल? जंगल सगळ्यात जास्त कळणारी माणसं नेमकी पक्ष्यांच्या हंगामात विटा थापत असतात, आणि आपण इकडे स्थानिकांचा सहभाग वाढला पाहिजे या विषयावर चर्चासत्रं भरवतो.

दुसरा मार्ग निघू शकतो, याची उदाहरणं लांब नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं वेळास घ्या. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचं रक्षण सुरू केलं. पुढे कासव महोत्सव सुरू झाला. लोक येतात, गावातल्या घरांत राहतात, जेवतात, पहाटे आणि संध्याकाळी किनाऱ्यावर जातात. अंड्यांवर झाकलेली टोपली उचलली की खाली पिलं असतील किंवा नसतील. त्या दिवशी एकही निघालं नाही, तरी राहण्या-जेवणाचे ठरलेले पैसे गावाला मिळतात. त्यामुळे पिलं लवकर बाहेर काढायची, हातात घ्यायला द्यायची घाई कुणाला नसते. उजनीच्या पाणलोटावर भिगवण-कुंभारगावचे मासेमार रोहित दाखवतात, ते होडीचे पैसे घेतात. रोहित लांब असले तरी फेरी ती फेरीच. नाशिकजवळच्या नांदूर मधमेश्वरला, जे २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं, आसपासच्या गावांतली मुलं मार्गदर्शक म्हणून उभी राहिली आहेत. या तिन्ही ठिकाणी सगळं आलबेल आहे असं नव्हे. रोहित उडावेत म्हणून होडी थव्यात घालायला लावणारे महाभाग तिथेही येतात. पण वेळासची रचना मला सर्वांत शहाणी वाटते. तिथे कासव विकलं जात नाही, मुक्काम विकला जातो.

कर्नाळ्याला हे जमेल का? अडचण एकच, मुंबई फार जवळ आहे. सकाळी येऊन दुपारी परत जाता येतं, त्यामुळे मुक्काम घडत नाही, आणि मुक्काम नसल्यामुळे गावात पैसा राहत नाही. तरी पावसाळ्यातच वाटाड्यांना हंगामाचे आगाऊ पैसे द्यावेत, गटाप्रमाणे दर ठरवावा, बक्षिसीला बंदी घालावी आणि घरट्याजवळ नेणाऱ्याला नव्हे तर नेण्याचा आग्रह धरणाऱ्याला बाहेर काढावं, एवढं तर वन विभाग आणि निसर्ग संस्था मिळून करू शकतात. प्लास्टिकच्या बाटल्या मोजून अनामत ठेवून घ्यायची पद्धत फाटकावर राबवता येते, तर लेन्सवाल्यांकडून घरट्यापासून लांब राहण्याची हमी घेणं अशक्य का असावं?

कर्नाळ्याच्या जडणघडणीत मारुती चितमपल्लींचा वाटा आहे. वनखात्यात असताना त्यांनी कर्नाळा, नवेगाव, नागझिरा आणि मेळघाटसाठी काम केलं. मराठी वाचकाला रानाची भाषा देणारा हा माणूस जून २०२५ मध्ये गेला. त्यांना स्वतःला ही भाषा कुठून मिळाली, हे त्यांनी कधी लपवलं नाही: गोंड, माडिया, ढिवर अशा रानात राहणाऱ्या माणसांकडून. पाखरांची नावं, सवयी, त्यांच्याभोवतीच्या समजुती त्यांनी अशा लोकांबरोबर वर्षानुवर्षं हिंडून गोळा केल्या. सलीम अली याच रायगड जिल्ह्यातल्या किहीमला राहिले आणि १९३० मध्ये तिथल्या सुगरणींच्या वसाहतीपुढे तासन्‌तास बसून त्यांनी त्या पक्ष्याचं सगळं गृहजीवन उलगडलं. एकच पक्षी, एकच जागा, महिनोन्‌महिने. दोघांपैकी कुणालाही रविवारी दुपारी एकच्या आत टार्गेट संपवायचं नव्हतं.

चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, सलीम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा २०२० पासून राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. दिवाळीचा फराळ संपत आलेला असतो, हवा गार होऊ लागलेली असते आणि उत्तरेकडचे पाहुणे कर्नाळ्यात नुकतेच उतरलेले असतात. या सप्ताहात जायचं असेल तर पनवेलहून पेणकडे जाणारी एसटी आहे. रविवार टाळा. उजाडता उजाडता फाटकावर या. मळकट रंगाचे कपडे घाला, मोबाइल खिशात ठेवा, किल्ला दुसऱ्या दिवसासाठी ठेवा आणि मोरटाक्याच्या वाटेला लागा. एकट्याने जाऊ नका, वाटाड्या घ्या, शक्यतो जवळच्या वाडीतला. त्याला तिबोटीबद्दल विचारू नका. नोव्हेंबरात तो तसाही नसतो. ठरलेले पैसे आत शिरण्याआधीच त्याच्या हातात द्या. वर काही द्यायचंच असेल, तर ज्या दिवशी काही दिसलं नाही त्या दिवशी द्या.